सरकारी धोरणाने घरं परवडणारी होऊ शकतात का?

होऊ शकतात. आणि धोरणानेच ती महागही होतात. मी लालबागच्या चाळीत वाढलो, म्हणून मुंबईपुरतं सांगतो.

1947च्या भाडे नियंत्रण कायद्याने मुंबईतली भाडी 1940च्या पातळीवर गोठवली. आमच्या दहा बाय बाराच्या खोलीची भाडेपावती आई पत्र्याच्या डब्यात जपून ठेवायची. त्या पावतीच्या जोरावरच आम्ही मुंबईत टिकलो, हे मी विसरणार नाही. पण एवढ्याशा भाड्यात मालक डागडुजी कशाला करेल? आमच्या गॅलरीला लाकडी टेकू लागले. पावसाळ्यात आई त्या टोकाला आम्हाला फिरकू द्यायची नाही. भाड्याने देण्यासाठी नवी चाळ बांधणं कुणाला परवडेना. आत होता त्याचं निभावलं, बाहेरून येणाऱ्याला पागडी, म्हणजे खोलीचा ताबा मिळवायला एकरकमी मोठी रक्कम, मोजावी लागली नाहीतर झोपडपट्टी गाठावी लागली.

मला खरी हळहळ वाटते ती बंद पडलेल्या कापडगिरण्यांच्या जमिनीची. शहराच्या मध्यावर सुमारे 600 एकर! 1991च्या नियमानुसार गिरणीच्या जागेचा पुनर्विकास करताना एक तृतीयांश मोकळ्या जागांसाठी पालिकेला, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला, म्हणजे सरकारी गृहनिर्माण संस्थेला, आणि उरलेली मालकाला, अशी वाटणी होती. 2001मध्ये नियम बदलला. वाटणी आता फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेची. गिरणीत मोकळी जागा असते किती? शेडच शेड. म्हणजे म्हाडाच्या वाट्याला तुकडे आले. 2006मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हा बदल मान्य केला. आमच्या चाळीसमोर आज टॉवर उभे आहेत, आणि माझा धाकटा भाऊ बदलापूरहून रोज पहाटेची लोकल पकडतो.

2020च्या सप्टेंबरमध्ये घरखरेदीवरचं मुद्रांक शुल्क काही महिन्यांसाठी 5 टक्क्यांवरून 2 टक्क्यांवर आणलं, तेव्हा नोंदणी कार्यालयांत गर्दी झाली. चांगलंच झालं. पण ज्याच्याकडे सुरुवातीला भरायचे पैसेच नाहीत, त्याला त्याचा काय उपयोग?

म्हणून कुठलीही गृहनिर्माण योजना जाहीर झाली की मी आधी जमीन कुणाच्या ताब्यात आहे ते बघतो. वरळीच्या बीडीडी चाळींत 160 चौरस फुटांच्या खोल्यांत राहणाऱ्यांना 2025मध्ये 500 चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळू लागल्या. ती जमीन सरकारची होती.