जुन्या बाइकचा क्लच सोडताना एकदम झटका बसतो, क्लचप्लेट बदलू का?

लगेच प्लेटा बदलू नका, आधी केबल बघा, जुन्या गाडीत झटका बरेचदा तिथूनच येतो. आतली तार गंजली, धागे सुटले की ती कव्हरमध्ये अडकत अडकत सरकते आणि मग एकदम सुटते, तुम्ही लिव्हर कितीही हळू सोडा. पुण्यात पावसाळा आणि त्यात सिग्नलला सिग्नल, केबलचे हालच होतात. नाना पेठेत ओरिजिनल केबल घ्या, लिव्हरच्या टोकाला साधारण १०-१५ मिमी प्ले (क्लच ओढायला लागण्याआधीची लिव्हरची मोकळी हालचाल) ठेवा (गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळं असेल तर तेवढा), इंजिन ऑइल जासो एमए ग्रेडचंच (ऑइलमध्ये भिजलेल्या क्लचच्या बाइकसाठीची ग्रेड) टाका. तरी झटका राहिला तर मात्र क्लच उघडावा लागेल, आणि हाउसिंगला (प्लेटा ज्यात बसतात त्या डब्याला) प्लेटांनी खाचा पाडल्या असतील तर नुसत्या नव्या प्लेटा टाकून उपयोग नाही, त्यापण त्याच खाचांत अडकणार.