ईसीजी आणि रक्ततपासणीतले इलेक्ट्रोड वापरून पंचगंगेचं किंवा ईटीपीचं (कारखान्याच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्राचं) पाणी मोजता येईल का?

फायनल इयरचा प्रोजेक्ट आहे, ईसीजीचं एडी ८२३२ मॉड्यूल हाताशी आहे आणि त्यावरच भागवायचं आहे, असं तुम्ही लिहिलंय. ते मॉड्यूल बाजूला ठेवा. कातडीवरच्या इलेक्ट्रोडचा ३०० मिलिव्होल्टपर्यंतचा ऑफसेट ईसीजीला नकोच असतो, म्हणून ते स्थिर व्होल्टेज मुद्दाम गाळतं. पाण्याचा आंबटपणा मोजणाऱ्या पीएच प्रोबचा सिग्नल म्हणजे नेमकं तेच स्थिर व्होल्टेज, एका पीएचमागे ५९ मिलिव्होल्टच्या आसपास. जे मोजायचंय तेच फेकून दिलं तर उरलं काय?

पण ‘दवाखान्यातलं तंत्र कारखान्यात चालतं का’ हे वाचलं आणि लिहायला बसलो, कारण ह्या एका वाक्यावर मी बरंच ऐकून घेतलंय. लेलँड क्लार्क यांनी १९५० च्या दशकात प्लॅटिनमचा इलेक्ट्रोड प्लास्टिकच्या पातळ पडद्याआड बसवला, तो रक्तातला ऑक्सिजन मोजायला. ईटीपीच्या एरेशन टँकमध्ये, म्हणजे सांडपाण्यात हवा मिसळायच्या टाकीत, वर्षानुवर्षं लोंबकळणारा डीओ (पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन) प्रोब त्याच घराण्यातला. मग कोण कुणाच्या दारात आलं?

मी आधी दवाखान्यांची ब्लड गॅस मशीन (रक्तातले वायू मोजणारी) दुरुस्त करायचो, नंतर ईटीपीच्या कामात आलो. जिल्ह्यातल्याच एका डिस्टिलरीत (नाव घेत नाही) एरेटर सुरू झाला की डीओचं रीडिंग उड्या मारायचं, बंद केला की गप्प. तिथल्या इन्स्ट्रुमेंटच्या साहेबांचं निदान ठरलेलं : प्रोब गेला. नवा यायचा, बिल निघायचं, उड्या चालूच. मी म्हटलं, आयसोलेशन बघूया, आयसीयूत पेशंटला मेनच्या अर्थिंगपासून तोडून ठेवतात तसं. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, “पावणं, ही टाकी हाय, पेशंट न्हवं. हितं इंडस्ट्रियल ग्रेड लागतंय.”

मी प्लास्टिकची बादली मागवली. टाकीतलंच पाणी त्यात घेतलं, तोच प्रोब, तीच केबल, तोच मीटर. बादली कोरड्या लाकडी फळीवर ठेवली आणि एरेटर चालू करायला सांगितला. काटा जागचा हलला नाही. प्रोब उचलून परत टाकीत सोडला, लगेच उड्या. म्हणजे प्रोब ठणठणीत होता. एरेटरच्या मोटरचा वेग बदलणाऱ्या व्हीएफडीचा गळका करंट पाण्यातून प्रोबमध्ये आणि तिथून मीटरच्या अर्थिंगला जात होता. पॅनेलमध्ये बोटभर रुंदीचा सिग्नल आयसोलेटर (सिग्नल जाऊ देतो, विजेची थेट जोडणी तोडतो) बसवला आणि विषय संपला. दवाखान्यात हीच युक्ती पेशंटच्या जिवासाठी असते, इथं रीडिंगसाठी. साहेब काय म्हणाले? “प्रोब नवा हुता, म्हणून.”

त्या आधीचे ‘गेलेले’ प्रोब मी भंगारातून मागून घेतले आणि उघडले. एकाचा चांदीचा ॲनोड काळाकुट्ट निघाला. हायड्रोजन सल्फाइड पडद्यातून आत शिरतो आणि चांदीवर सल्फाइडचा थर धरतो. हा प्रोब मात्र खरंच मेला होता. रक्तात हा प्रकार नसतो, त्यामुळे तेवढ्यापुरते साहेब बरोबर, हेही लिहून टाकतो.

नदीचं थोडक्यात. आपल्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांमागं उन्हाळ्यात पाणी तुंबतं. शेवाळ दुपारी ऑक्सिजन सोडतं आणि रात्री सगळ्यांबरोबर तोच खातं, त्यामुळं नीचांक पहाटे येतो. दुपारी बारा वाजता काढलेलं रीडिंग घेऊन ‘नदी ठीक आहे’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. आंघोळीच्या पाण्याला लिटरमागे निदान ५ मिलिग्रॅम डीओ लागतो. हवेत कॅलिब्रेट करताना आपली उंची धरा : २५ अंशांना समुद्रसपाटीवर ८.३ च्या आसपास येतो, इथं कोल्हापुरात ७.७ च्या जवळपास. आणि हे आधीच सांगायला हवं होतं, क्लार्कचा प्रोब स्वतःच ऑक्सिजन खातो. साचलेल्या पाण्यात नुसता लटकवला तर कमी दाखवणार. प्रोबपाशी पाणी हलतं ठेवा, नाहीतर पैसे असतील तर प्रकाशानं मोजणारा ऑप्टिकल प्रोब घ्या.

दवाखान्यातून उचलायचंच असेल तर शिस्त उचला. ब्लड गॅस मशीन दर काही तासांनी स्वतःचं कॅलिब्रेशन करतं आणि ते चुकलं तर टेक्निशियनला बोलणी बसतात. इकडं केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २०१४ साली साखर कारखाने आणि डिस्टिलऱ्यांसह १७ प्रकारच्या उद्योगांना ऑनलाइन मॉनिटरिंग लावायला सांगितलं. मीटर लागले. प्रोब पुसायला माणूस किती ठिकाणी नेमला, ते जाऊन बघा.

जाताना एकटे जाऊ नका. स्पेंटवॉशच्या (डिस्टिलरीच्या सांडपाण्याच्या) टाकीजवळ त्याच सल्फाइडच्या गॅसनं नाक बधिर होतं, म्हणजे वास थांबला म्हणून धोका टळला असं नसतं. प्रोबबरोबर आयसोलेटर घ्या. ‘इंडस्ट्रियल ग्रेडला कशाला पाहिजे’ असं कुणी म्हणालं तर बादली मागवा, आणि प्रयोग शक्यतो त्याच्या वरच्या साहेबासमोर करा.