गोळी तीच, मग टीएसएच उड्या का मारतो?

प्रश्न : माझं वय ४२. सहा वर्षांपासून थायरॉइडची गोळी चालू आहे. ७५ मायक्रोग्रॅमवर सगळं छान होतं. गेल्या वर्षी टीएसएच, म्हणजे थायरॉइड कमी पडला की वाढणारा रक्तातला आकडा, एकदम ९.८ आला. डोस १०० झाला. तीन आठवड्यांनी तपासलं तर ६.९, म्हणून १२५. आता ०.२ आलाय, फ्री टी४ (रक्तातलं थायरॉइडचं हार्मोन) वाढलेला, आणि डॉक्टर डोस पुन्हा कमी करू म्हणतात. पण मला अजून सुस्ती आहे, बद्धकोष्ठता आहे, इतरांना उकडत असताना मला शाल लागते. गोळी कधी चुकत नाही. विसर पडू नये म्हणून गेल्या वर्षापासून कॅल्शियमच्या गोळीसोबतच घेते. केस फार गळतात म्हणून दोन महिने बायोटिन हे जीवनसत्त्वही चालू आहे. लॅबचं मशीन बिघडलंय का?

उत्तर : मशीन ठीक असावं. उत्तर तुम्ही जाता जाता लिहिलेल्या शेवटच्या दोन वाक्यांत आहे.

कॅल्शियम थायरॉइडच्या गोळीला पोटातच धरून ठेवतं, रक्तात पुरती जाऊ देत नाही. लोहाची गोळीही तेच करते. म्हणजे तुम्ही ७५ गिळत होतात, अंगी लागत होतं कमी. टी४ थोडा जरी उतरला तरी पिट्यूटरी ही मेंदूतली ग्रंथी टीएसएच कितीतरी पट वाढवते, म्हणून आकडा एवढा मोठा दिसला. आणि थायरॉइड कमी पडला की केस गळतातच! त्यावर तुम्ही बायोटिन आणलंत, आणि इथे खरा घोळ झाला. बऱ्याच लॅबमधल्या तपासणीत बायोटिनचाच वापर केलेला असतो. तुमच्या रक्तातलं बायोटिन त्यात लुडबुड करतं. टीएसएच खोटा कमी दिसतो, टी४ खोटा जास्त.

यात मीही फसले आहे. असाच रिपोर्ट पाहून एका बाईंचा डोस उतरवला, त्या महिनाभराने सुजलेला चेहरा घेऊन आल्या. पर्समधून केसांच्या गोळ्यांची बाटली निघाली. तेव्हापासून मी पेशंटला सगळी औषधं पिशवीत घालून आणायला सांगते, 'ती काही औषधं नव्हेत' म्हणतात तीसुद्धा.

अर्थात १२५ तुम्हाला खरोखरच जास्त होत असेल, ही शक्यता उरतेच. म्हणून डॉक्टरांना हे पत्र दाखवा आणि डोस बदलण्याआधी एक तपासणी मागा. त्याआधी निदान दोन दिवस बायोटिन बंद. डोस मोठा असेल तर जास्त दिवस. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर, नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी. कॅल्शियम चार तासांनी, किंवा सरळ रात्री जेवताना.

एक सावधगिरी. कॅल्शियम बाजूला झालं की हीच १२५ पूर्ण लागू पडेल आणि कदाचित भारी होईल. त्यामुळे ही वेळ बदलतानाच डोसचं डॉक्टरांशी बोलून घ्या. मग सहा ते आठ आठवडे थांबून पुन्हा तपासा. तीन आठवड्यांचा तो ६.९ घाईचा होता. या औषधाची रक्तातली पातळी निम्मी व्हायलाच आठवडा लागतो, टीएसएच त्याहून सावकाश स्थिरावतो. मधेच छातीत धडधडलं, हात थरथरले, तर मात्र तारखेची वाट पाहू नका.