मागे ३९७००१० दिसलं म्हणून झी/२८ चं इंजिन होत नाही

तुम्ही विचारलंय की शेजाऱ्याच्या गॅरेजात शेव्रोलेचं जुनं व्ही-८ पडून आहे, ब्लॉकच्या मागे ३९७००१० आहे आणि तो ते १९६९ च्या कॅमॅरो झी/२८ चं म्हणून विकतोय. खरं का, आणि किती द्यावेत?

हा आकडा नुसता ओतकामाचा, म्हणजे ब्लॉक कोणत्या साच्यातला ते सांगणारा. १९६९ च्या झी/२८ च्या, म्हणजे कॅमॅरोच्या वेगवान प्रकाराच्या, ३०२ घनइंची इंजिनात हा ब्लॉक मिळतो, पण साध्या ३५० घनइंचीत तो कितीतरी जास्त, पिकअपमध्येसुद्धा. खरी ओळख पुढे असते. उजव्या हेडच्या (सिलिंडरवरच्या झाकणाच्या) पुढ्यात ब्लॉकची छोटी सपाट पट्टी आहे. तिथे ठोकलेलं वाचा: व्ही म्हणजे फ्लिंटचा कारखाना, मग महिना-तारखेचे चार आकडे आणि शेवटी डीझेड, ही झी/२८ च्या ३०२ ची खूण. शेजारी किंवा ऑइल फिल्टरच्या वर गाडीच्या व्हीआयएनचा (गाडीच्या ओळख क्रमांकाचा) तुकडा हवा. पट्टी कपड्याने आणि सॉल्व्हंटने पुसा, तारेचा ब्रश लावाल तर पुरावाच खरवडाल.

हे मी पोटतिडकीने लिहितोय, कारण माझी पट्टी गेली. मिशिगनमध्ये मी १९६९ ची कॅमॅरो घेतली होती. साधं ३५०, पण गाडीचं जन्मापासूनचं. ब्लॉक बोअरिंगला, म्हणजे सिलिंडर रुंद करायला, दिला. आणायला गेलो तर वरचा भाग तासून आरशासारखा केलेला. कारखान्यातल्या ब्रोचच्या (पृष्ठभाग सपाट कापणाऱ्या यंत्राच्या) बारीक समांतर रेघा गेल्या, नंबरही गेला. मी बोट फिरवलं, काहीच लागलं नाही. दुकानदार म्हणाला, "हेड छान बसेल." मला विचारलंही नव्हतं.

आमचे दाजी तेव्हा म्हणाले, "नंबर तुझ्याकडे लिहिलेला आहे ना? पंच आण, परत ठोक. तुझाच नंबर, तुझंच इंजिन, त्यात खोटं काय?" मी नाही ठोकला. गाडी विकताना घेणाऱ्याला सगळं सांगितलं आणि पैसे कमी घेतले. दाजी आजही दिवाळीच्या फराळाला तो विषय काढतात. माझं उत्तर तेच आहे: त्या पट्टीवरचा ठसा कारखान्यातल्या कामगाराने मारलेला असतो, म्हणून त्याला मोल. मी ठोकला तर ती नक्कल, आणि पुढचा माणूस त्या नकलेचे पैसे मोजणार. माझा नंबर खरा होता हे त्याने कशावरून मानायचं?

म्हणून पट्टीवर ब्रोचच्या रेघा नसतील आणि अक्षरं मात्र ठसठशीत असतील, तर झी/२८ म्हणून एक डॉलरही जास्त देऊ नका. साध्या ३५० च्या गाभ्याचे, म्हणजे पुन्हा बांधायला घेतलेल्या जुन्या इंजिनाचे, काहीशे डॉलर, बस. अस्सल डीझेड असेल तरी सर्वांत जास्त किंमत ज्याच्याकडे त्याच व्हीआयएनची गाडी आहे तोच देईल. इतरांसाठी तो दुर्मीळ पण परका ब्लॉक.

हेड काढलेलं असेल तर पिस्टनची धाव मोजा: ३०२ ची ३ इंच, ३५० ची ३.४८. बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, दोन्हींचा ४ इंचच, त्यावरून कळणार नाही. आणि मागच्या ओतीव तारखेत वर्षाचा एकच आकडा असतो, उदाहरणार्थ सी १४ ९, म्हणजे १४ मार्च. तो ९ म्हणजे १९७९ सुद्धा असू शकतो. पट्टीवर शेवटी दोनऐवजी तीन अक्षरं असतील तर इंजिन १९७० किंवा नंतरचं.