परसातून तेजोमेघ: फिल्टरआधी ध्रुव

बेळगावातल्या शहापूरच्या परसातून ३० सेकंदांचे ४० फोटो जोडले, तरी मृगातला तेजोमेघ केशरी उजेडात बुडतो; मग शहरी उजेड अडवणारा फिल्टर घेऊ की अंधाऱ्या जांबोटीकडे जाऊ, असं विचारलंत. मी वडगावातून हेच करतो. माझं म्हणणं, आधी वेळ वाढवा.

तुमचे ४० फोटो म्हणजे फक्त २० मिनिटं. शहराचा उजेड सिरिलमध्ये (फोटो जोडायचं सॉफ्टवेअर) पार्श्वभूमी म्हणून वजा करता येतो, पण त्यानं आणलेली खरखर, म्हणजे फोटोतला दाणेदारपणा, वजा होत नाही. ती बुजते फक्त वेळेनं. फोटो चौपट केले की खरखर निम्मी होते. दोन-तीन रात्री तोच एक तेजोमेघ धरून बसा. गाभा लगेच पांढरा जळतो, त्यासाठी ५ सेकंदांचे थोडे फोटो वेगळे घ्या.

एवढा वेळ फोटो घ्यायचे तर ट्रॅकरचा, म्हणजे कॅमेरा आकाशाबरोबर फिरवणाऱ्या यंत्राचा, अक्ष ध्रुवाकडे नीट रोखलेला हवा. आणि खरी अडचण आपल्याकडे ध्रुवाची. बेळगाव जेमतेम १६ अंशांवर, म्हणून ध्रुवही क्षितिजापासून तेवढाच वर. तिथं धूसर हवा असते, शेजाऱ्याची टाकी असते, माड असतात. तो नाहीच दिसला तर डोकं आपटत बसू नका. मृगाच्या पट्ट्यातला पश्चिमेकडचा तारा, मिंटाका, जवळजवळ खगोलीय विषुववृत्तावर, म्हणजे पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या वरच्या आकाशातल्या रेषेवर, आहे. तो दक्षिणोत्तर रेषेवर आला की मोठा करून बघा. उत्तर-दक्षिण सरकत असेल, तर ट्रॅकरचा अक्ष पूर्व-पश्चिम चुकलाय. तारा सरकायचा थांबेपर्यंत अक्ष फिरवा. नंतर पूर्वेला खाली असलेला तारा धरून अक्षाची उंची तशीच जुळवा. पहिल्यांदा तास जाईल, पण त्याचं चीज होतं.

आता फिल्टर. ड्युअल-बँड फिल्टर हायड्रोजनचा ६५६ नॅनोमीटरचा लाल आणि ऑक्सिजनचा ५०१ चा हिरवट प्रकाश सोडतो, बाकी बराचसा अडवतो. सोडियम दिव्यांचा पिवळा उजेड ५८९ च्या आसपास, तो सहज कापला जायचा. आता रस्त्यावर एलईडी आलेत, ते सगळ्या रंगांत पसरतात, म्हणून रुंद पट्ट्याचे स्वस्त फिल्टर फारसे उपयोगाचे नाहीत. शिवाय साध्या डीएसएलआरमधला आतला फिल्टर ६५६ चा बराच प्रकाश खातो. रोझेट या लाल तेजोमेघासाठी कॅमेऱ्यातला तो फिल्टर बदलून घ्यावा लागतो, मृगातला तेजोमेघ मात्र साध्यावरही येतो.

कृत्तिकांभोवतीचा निळा धूर आणि एम ७८ हा तेजोमेघ म्हणजे ताऱ्यांचा परावर्तित प्रकाश, तो सगळ्या रंगांत पसरलेला असतो. तिथं असा फिल्टर उलट नुकसान करतो. त्यासाठी अमावस्येला जांबोटीकडे जाच.

तुमचे ते ४० फोटो टाकून देऊ नका हं. लेन्स आणि चौकट तीच ठेवलीत, तर पुढच्या रात्रीच्या फोटोंत तेही जोडता येतील.