इंजिन सोडून टायर? मुलाने नस बरोबर पकडली आहे

प्रश्न : मुलगा अकरावी विज्ञानला आहे. जगातली सगळ्यात वेगवान गाडी बनवायची, हे त्याचं जुनं वेड. आता म्हणतो, इंजिन नको, टायरवर काम करणार. काळं गोल रबर, त्यात शिकण्यासारखं असतं तरी काय? – एक पालक

उत्तर : बुगाटी शिरॉन ही सुपरकार बाजारात आली तेव्हा कंपनीने तिचा वेग ताशी ४२० किमीवर बांधून ठेवला होता. इंजिनात दम शिल्लक होता, टायर टिकतील का हा प्रश्न होता. २०१९ मध्ये तिच्या सुधारित नमुन्याने ताशी ४९०.४८४ किमी गाठले. त्यासाठी मिशेलिन या टायर कंपनीने टायर मुद्दाम मजबूत केले होते आणि ते बसवण्याआधी त्यांचा एक्स-रे काढला होता. म्हणजे मुलगा भरकटलेला नाही.

कारण त्याच्या वर्तुळाकार गतीच्या धड्यातच आहे. केंद्राकडचं त्वरण म्हणजे वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या. चाकाची त्रिज्या ३५ सेंमी धरा. ताशी १०० किमीला ट्रेडमधलं, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या बाहेरच्या थरातलं, एक ग्रॅम रबर धरून ठेवायला साधारण २२५ ग्रॅम वजनाइतका जोर लागतो. ३०० ला तोच दोन किलो होतो, ४९० ला पाच किलोच्या वर जातो. हा ताण एकटं रबर पेलू शकत नाही. तो ट्रेडखालचे स्टीलचे बेल्ट आणि त्यांच्यावर परिघाच्या दिशेने गुंडाळलेला नायलॉनचा किंवा अरामिड या मजबूत कृत्रिम धाग्याचा थर पेलतो.

उष्णता त्याहून कावेबाज. जमिनीला टेकलेला भाग दर फेरीला चपटा होतो आणि सुटला की पुन्हा गोल होतो. ताशी ३०० ला हे सेकंदाला ३८ वेळा घडतं. दर वेळी थोडी ऊर्जा उष्णता होऊन रबरातच राहते. हवा कमी असेल तर टायर जास्त दबतो आणि जास्त तापतो. वेग फार चढला की टेकून सुटलेला भाग सावरायला पुरेसा वेळच मिळत नाही आणि ट्रेडवर लाटा उभ्या राहतात. यालाच स्टँडिंग वेव्ह म्हणतात. मग तापमान झपाट्याने चढतं, बेल्टच्या कडा रबरापासून सुटतात आणि ट्रेड सोलून निघतो. लोक ‘टायर फुटला’ म्हणतात. पुष्कळदा तो आधी आतून सुटलेला असतो. (१९९७ मध्ये ध्वनीचा वेग ओलांडणाऱ्या थ्रस्ट एसएससी या जेट इंजिनच्या गाडीला तर रबरी टायरच नव्हते, नुसती ॲल्युमिनियमची चाकं होती.)

या क्षेत्रात शिरायला मुख्य दारं दोन. पहिलं रसायनशास्त्राचं. नैसर्गिक आणि कृत्रिम रबर, कार्बन ब्लॅक, सिलिका, गंधक, झिंक ऑक्साइड यांचं प्रमाण जमवणं म्हणजे कंपाऊंडिंग. इथली खरी कसोटी अशी : रबर ० अंश सेल्सिअसच्या आसपास ऊर्जा जास्त खाणारं हवं, म्हणजे ओल्या रस्त्यावर पकड मिळते, ६० अंशांच्या आसपास मात्र कमी खाणारं हवं, म्हणजे इंधन वाचतं. एकच पदार्थ दोन्हीकडे शहाण्यासारखा वागावा, यासाठी माणसं अख्खी कारकीर्द घालवतात. हे वाचून मुलाचे डोळे चमकले तर केमिकल किंवा पॉलिमर अभियांत्रिकी.

दुसरं दार मेकॅनिकलचं. टायरची रचना, संगणकावर ताणाचं विश्लेषण, चाचण्या, आणि गाडी वळताना टायर किती बाजूचा जोर देतो याची गणिती मॉडेलं. त्यातलं डच संशोधक पासेयका यांचं ‘मॅजिक फॉर्म्युला’ मॉडेल त्याला पुढे भेटेलच. पदवीला फॉर्म्युला स्टुडंट या विद्यार्थ्यांनी रेसिंग गाडी बनवायच्या स्पर्धेच्या संघात शिरावं. टायरची खरी मोजमापं हाताळायला मिळतात.

माझं मत विचाराल तर पदवी रुंद शाखेची घ्यावी आणि टायर हा विषय पदव्युत्तर शिक्षणात किंवा नोकरीत धरावा. नुसतं ‘ऑटोमोबाईल’ नाव पाहून प्रवेश घेऊ नका. अभ्यासक्रमात पदार्थविज्ञान (मटेरियल सायन्स), कंपनशास्त्र आणि संख्याशास्त्र किती आहे ते बघा. आणि त्याला आत्ताच सांगून टाका : सुपरकारच्या टायरवर काम करणारे मोजके. बाकीचे साध्या गाड्यांच्या आणि ट्रकच्या टायरची झीज, आवाज आणि इंधनखर्च यांवर डोकं लावतात. चाचणी विभागात फिरत्या ड्रमवर टायर दाबून धरायचा, वेग दर दहा मिनिटांनी ताशी दहा-दहा किमीने चढवायचा आणि वाट बघायची. हे ज्याला कंटाळवाणं वाटतं त्याने या वाटेला जाऊ नये.

आवड खरी आहे का, हे महिनाभरात कळेल. घरच्या किंवा ओळखीच्या एखाद्या गाडीच्या टायरवरचे आकडे त्याला उलगडायला सांगा. समजा २०५/५५ आर १६ ९१ व्ही असं लिहिलंय : रुंदी २०५ मिमी, टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची तिच्या ५५ टक्के, आर म्हणजे रेडियल रचना, रिम १६ इंची, ९१ म्हणजे एका टायरवर ६१५ किलोपर्यंत भार, व्ही म्हणजे वेगाची मर्यादा ताशी २४० किमी. यावरून पूर्ण व्यास काढायचा. उत्तर ६३२ मिमीच्या आसपास यायला हवं. रोज सकाळी गाडी हलण्याआधी आणि फेरीनंतर लगेच टायरमधल्या हवेचा दाब मोजून बाहेरच्या हवेच्या तापमानासह वहीत लिहायचा. गरम टायरमधली हवा कमी करायची नाही. आठवड्यातून एकदा ट्रेडची खोली मध्ये आणि दोन्ही कडांना मोजायची. मधोमध झीज जास्त तर हवा जास्त. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी. एकच कड झिजली तर चाकाचा कोन बिघडलेला. महिन्यात खोलीतला फरक फारसा दिसणार नाही, पण तीन जागांमधला दिसेल.

थंड टायरचा दाब दर १० अंश सेल्सिअसला साधारण ०.१ बार (बार हे दाबाचं एकक) बदलतो. वहीतल्या सकाळच्या नोंदी याच्याशी जुळल्या नाहीत, तर टायरला दोष देण्याआधी दुसऱ्या गेजने मोजून बघायला सांगा.