जेवढी पोरं तेवढ्याच खुणा

पोरी,

तुझा मेसेज मी तीनदा वाचला. पहिल्यांदा वाईट वाटलं, दुसऱ्यांदा राग आला, आणि तिसऱ्यांदा वाचताना मला माझंच २००८ सालचं हजेरी रजिस्टर डोळ्यासमोर दिसायला लागलं, मग फोन बाजूला ठेवला. तुला फोन केला असता तर रागावून काहीतरी बोलून बसले असते म्हणून लिहितेय.

तू लिहिलंस की पाळणाघराच्या सेंटरवर १३ पोरं येतात, संस्थेचे सचिव म्हणतात हजेरीत २५ लिही, नाहीतर अनुदानाचा पुढचा हप्ता अडकेल आणि त्यात नुकसान गरिबांचंच होईल. फोटोसाठी शेजारच्या अंगणवाडीतली पोरं आणून बसवतात हेपण लिहिलंस. आणि शेवटी विचारलंस, "ताई, चांगल्या कामासाठी थोडं खोटं चालतं का?" पाळणाघर का हवं, आईचा रोज बुडाला की घरात काय होतं, हे तुला मी सांगायची गरज नाही, तुझ्या आईनं तुला बांधावर झोपवून खुरपलंय. मी फक्त रजिस्टरबद्दल बोलणार आहे. जेवढी पोरं तेवढ्याच खुणा.

आता म्हणशील, ताईंना काय जातंय सांगायला. तर ऐक, मी तीन वर्षं २५ लिहिलेत.

आमचं पाळणाघर राजीव गांधी पाळणाघर योजनेतलं, २००६ ला सुरू झालेली. तेव्हा केंद्राचे ९० टक्के आणि संस्थेचे १० असं होतं, आणि अनुदान केंद्रीय समाजकल्याण बोर्डाकडून यायचं, तेच बोर्ड ज्याच्या पहिल्या अध्यक्ष १९५३ साली दुर्गाबाई देशमुख होत्या. मला त्या बोर्डाची कल्पना अजूनही पटते. सरकारकडं पैसा असतो पण कुठल्या वस्तीत कुणाची चूल पेटत नाही ते सरकारला माहीत नसतं, गावातल्या संस्थेला माहीत असतं, म्हणून पैसा त्यांचा आणि ओळख आपली. म्हणजे आपल्याला अनुदान मिळतं ते या ओळखीसाठी. आपण चुकीचं कळवायला लागलो तर मग आपली गरज काय उरली?

पण तेव्हा एवढा विचार कुठं होता. सेविका आणि मदतनीस दोघींना मिळून महिन्याला २००० रुपये, म्हणजे एकीला १०००, आणि खाऊसाठी एका पोरामागं दिवसाला २ रुपये ८ पैसे. खरंच एवढेच होते. २५ पोरं, महिन्याचे २६ दिवस, साडेसात तास सेंटर उघडं. खोलीचं भाडं कशातून द्यायचं ते कुणी सांगत नव्हतं, हप्ता सहा-सहा महिने यायचा नाही, किराणावाल्याची वही भरत जायची. आणि आमचा भाग बीडचा, डोंगरपट्टा. दसरा झाला की ऊसतोडीसाठी मुकादमाच्या गाड्या लागतात, उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि दिवाळीनंतर वस्तीत म्हातारी माणसं आणि कुत्री राहतात. पावसाळ्यात माझ्याकडं २५ काय २८ पोरं यायची, डिसेंबरात १४. मग ११ पोरांचे २ रुपये ८ पैशांनी २६ दिवसांचे ५९४ रुपये ८८ पैसे वाचायचे आणि खोलीचं भाडं होतं ५००. आलं लक्षात? एक पैसा घरी नेला नाही मी, त्या पैशातून भाडंच गेलं आणि उरलं त्यातून रॉकेल. म्हणून मला ते खोटं वाटतच नव्हतं. तुला सांगते, स्वतःसाठी केलेलं खोटं माणसाला रात्री टोचतं तरी, दुसऱ्यासाठी केलेलं टोचत नाही, म्हणून ते सुटत नाही.

मग २०११ च्या जानेवारीत मी एक अर्ज घेऊन जिल्ह्याच्या एका ऑफिसात गेले. मोठ्या उत्साहानं गेले होते. कल्पना अशी की वस्ती उठून फडावर जातेय तर पाळणाघरानंपण सहा महिने फडावर जावं, कारखान्याजवळ टोळीचा तळ पडतो तिथं एक मोठी कोपी, म्हणजे झोपडी, घालायची, सेविका-मदतनीस टोळीबरोबरच जातील, त्यांचीही माणसं तिकडंच असतात. बाया पहाटे तीन-चारला फडात जातात, मोळ्या बांधतात, पोरं पाचटावर नाहीतर गाडीखाली झोपलेली असतात, ट्रॅक्टर मागंपुढं होत असतो. एवढं सगळं मी लिहून नेलं होतं. साहेब चांगला माणूस होता, त्यानं अर्ज पूर्ण वाचला, फाईल मागवली, आमचेच मासिक अहवाल काढले आणि पानं माझ्याकडं वळवली. नोव्हेंबर २५. डिसेंबर २५. म्हणाला, मॅडम, तुमची पोरं तर गावातच आहेत, मग फडावर कुणासाठी पाहिजे?

मी काय बोलणार होते? सही माझी होती.

तो अर्ज तिथंच मेला. आणि तेवढ्यावर भागलं नाही. पाडव्याला टोळ्या परत आल्या तेव्हा एक बाई दीड वर्षाची पोरगी घेऊन आली, हाताला कोपरापर्यंत भाजलेलं, कोपीतल्या चुलीवरचं पाणी सांडलेलं. कधी झालं विचारलं तर म्हणाली संक्रांतीच्या आदल्या दिवशी. मी घरी जाऊन रजिस्टर उघडलं. त्या दिवशी ती पोरगी माझ्याकडं हजर आहे. तिच्या नावापुढं माझ्या हातची टिक आहे आणि खाऊच्या रकान्यात खिचडी लिहिलीय.

म्हणून म्हणते जेवढी पोरं तेवढ्याच खुणा. तुला वाटतं २५ लिहिल्यानं १३ पोरांचं सेंटर वाचतं. वाचतं काही दिवस, पण जी १२ पोरं येत नाहीत ती कायमची गायब होतात. कुठं गेली, का गेली, त्यांच्यासाठी काय पाहिजे हा प्रश्नच कुणाला पडत नाही, कारण कागदावर ती तुझ्यासमोर बसून खिचडी खातायत. सरकारला तुझी वस्ती दिसते ती त्या रजिस्टरातून, दुसरं त्यांच्याकडं काही नाही. तू त्यात २५ लिहितेस म्हणजे सगळं ठीक आहे, कुणी स्थलांतर करत नाही, कुणाला काही नको असं तूच कळवतेस, आणि वर आपणच मोर्चात जाऊन ओरडतो की सरकारला आमचं दिसत नाही.

पुढच्या वर्षी मी खरे आकडे लिहिले. डिसेंबर १४, जानेवारी ११. २०१२ ला आमचं सेंटर बंद झालं. लपवत नाही, झालं. मदतनीस मावशी, विधवा बाई, तिचे महिन्याचे १००० गेले आणि ती माझ्याशी आजही बोलत नाही, बाजारात दिसली तर रस्ता बदलते. संस्थेतले लोक म्हणाले ताईंना हरिश्चंद्र व्हायचं होतं, ११ पोरांच्या पोटावर पाय दिला. खूप दिवस मला उत्तर सुचलं नाही. आता देते. २०१७ ला योजनेची रचना बदलली, केंद्र ६०, राज्य ३०, संस्था १० झालं, पैसे राज्यातून फिरून यायला लागले आणि देशात जी २३ हजारांवर पाळणाघरं होती ती काही वर्षांत सात हजारांच्या खाली आली. त्यात इमानानं २५ भरवणाऱ्या बाया होत्या तशा नुसते २५ लिहिणाऱ्याही होत्या. आमच्या आजूबाजूला तर रजिस्टर कायम भरलेलं असायचं अशीच सेंटरं जास्त होती, ती काय वाचली? नाही वाचली. मग माझं पाच वर्षं आधी बंद पडलं म्हणून मला दोष देणाऱ्यांनी सांगावं की खोट्या आकड्यांनी कुणाचं काय राहिलं. मी आकडा खरा लिहिला यात माझं काही चुकलं नाही, शंभर जणांनी सांगितलं तरी नाही.

चुकलं ते दुसरीकडं. मी रागाच्या भरात एकटीनं आकडा बदलला. सेविकेला सांगितलं नाही, मावशीला विश्वासात घेतलं नाही, आयांची बैठक लावली नाही. नुसतं ११ लिहून पाठवलं आणि ११ का ते लिहिलंच नाही. नुसता ११ चा आकडा वाचला की वरच्या माणसाला वाटतं इथं गरज नाही. हे मला तेव्हा कळायला हवं होतं, नाही कळलं, आणि त्याची किंमत मावशीनं मोजली, मी नाही. हे मात्र मला रात्री टोचतं.

म्हणून तू असं कर. रजिस्टरात नावापुढं आणखी एक रकाना आख. गैरहजर लिहिलंस की कारण तिथल्या तिथं लिही, "आईबरोबर ऊसतोडीला, अमुक तालुका, पाडव्याला परत", "आजोळी", "आईचं काम सुटलं". त्याच दिवशी लिही, महिनाअखेरीला आठवून नको. महिन्याच्या अहवालाला एक पान जोड, किती पोरं नोंदलेली, किती आली, न आलेली कुठं आहेत, त्यांच्यासाठी काय करता येईल. दोन प्रती काढ, एकीवर आवक-जावकचा शिक्का आणि तारीख घे, पोच घेतल्याशिवाय कागद द्यायचा नाही. खाऊचा न खर्चलेला पैसा भाड्यात फिरवू नकोस, यूसीत, म्हणजे अनुदान कसं खर्च झालं त्याच्या दाखल्यात, अखर्चित म्हणून दाखव आणि भाड्याची अडचण वेगळ्या पत्रानं मांड, ते पत्र दरमहा जाऊ दे, कंटाळले तरी जाऊ दे. आता २०२२ पासून हे सगळं मिशन शक्तीत 'पाळणा' नावानं आलंय, अंगणवाडीतही पाळणाघर धरतात, त्यामुळं शेजारच्या अंगणवाडी ताईशी भांडून चालणार नाही, पण तिची पोरं फोटोला उसनी आणायची नाहीत. एकाच पोराची दोन ठिकाणी हजेरी, आणि उद्या तपासणी आली तर सचिव नाही सापडणार, सही तुझी असेल.

आणि हो, सचिवांना सरळ लेखी विचार, मी २५ लिहू असं तुम्ही मला पत्रानं कळवा. ते काही देणार नाहीत असलं पत्र. ते चिडतील, कदाचित तुला काढतील. तुझ्यावर घर आहे, भावाची फी आहे, मला माहीत आहे, मी हे हलक्यानं लिहीत नाहीये. काढलं तर माझ्याकडं ये, दोन महिने काढू कसेतरी. पण लिहिणार २५ असशील तर मला विचारायचं नव्हतंस. जेवढी पोरं तेवढ्याच खुणा, दुसरं उत्तर माझ्याकडं नाहीच.

मावशीची चूक तू करायची नाहीस, म्हणजे मी तिच्याशी वागले ती. सेविका आणि मदतनीस दोघींना आधी बसवून सांग, तुझ्यासमोर त्यांची काय भीती आहे ते ऐकून घे, मग आयांना बोलाव. संध्याकाळी सातनंतर बोलाव, त्याआधी कुणाची भाकर झालेली नसते.

शुक्रवारच्या सकाळच्या एसटीनं ये. ऑक्टोबरपासूनचं रजिस्टर घेऊन ये, झेरॉक्स नको, मूळचं. आधीचे २५ तू लिहिलेत का दुसऱ्या कुणी ते बघू, आणि न येणाऱ्या १२ पोरांची नावं वेगळ्या कागदावर काढून आण, शक्य झालं तर मुकादमाकडून कारखान्याचं नावही विचारून ठेव.

ताई